फाउंडेशन इयर घेतले म्हणजे मुलगी मागे पडली का?

ऑगस्टच्या मध्यावर इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचा, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचा, निकाल लागतो आणि पुढच्या काही दिवसांत इथल्या मराठी घरांतून मला येणाऱ्या फोनमध्ये एक काळजी हमखास असते. मुलाला हव्या त्या अभ्यासक्रमाला थेट प्रवेश मिळालेला नसतो, विद्यापीठ मात्र फाउंडेशन इयरसह, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या एका वर्षासह, चार वर्षांच्या पदवीची जागा देऊ करते, आणि ती स्वीकारावी की वर्ष वाया जाईल, हे आईवडिलांना कळत नसते. स्पोर्ट्स थेरपी आणि रिहॅबिलिटेशन, म्हणजे खेळाडूंच्या दुखापतींवरील उपचार आणि पुनर्वसन, हा विषय असेल तर त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो: एवढे करून मुलगी फिजिओ होणार का? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची सरमिसळ झाली की घरात नको त्या गोष्टीवर वाद होतात आणि हव्या त्या गोष्टीची चौकशी राहून जाते. म्हणून एका कुटुंबाची हकिगत सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

कुटुंब मूळचे सांगलीकडचे, गेली अनेक वर्षे रेडिंगच्या परिसरात स्थायिक झालेले. वडील आयटीत, आई एका शाळेत सहायक. थोरला मुलगा संगणकशास्त्राला थेट लागलेला. धाकटी मुलगी फुटबॉल खेळणारी. सोळाव्या वर्षी तिच्या गुडघ्यातील एसीएल हे अस्थिबंधन तुटले, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरचे जवळजवळ वर्षभर ती एका स्पोर्ट्स थेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करत होती. अभ्यास त्याच काळात मागे पडला. बिझनेस, सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी या तीन विषयांत तिला सी, डी, डी अशा श्रेणी मिळाल्या. युकास या विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेच्या गुणपद्धतीत त्यांचे 80 गुण होतात; तिला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाची मागणी 112 गुणांची, म्हणजे बी, बी, सी इतकी होती, आणि शिवाय जीवशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण यांपैकी एक विषय हवा होता. तो तिच्याकडे नव्हता. दोन विद्यापीठांनी फाउंडेशन इयरसह जागा देऊ केली होती.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ वडीलच बोलले. "ताई, आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवतात, तसलाच हा प्रकार ना?" असे त्यांनी विचारले. सांगलीहून आजोबांनी फोनवर विचारलेला प्रश्न आईने सांगितला: मालीश शिकायला विलायतेत चार वर्षे कशाला लागतात? मुलगी खाली मान घालून ऐकत होती. मला तिच्या वडिलांचा राग आला नाही. ज्या व्यवस्थेत आपण वाढलो, तिथे वर्ष गेले याचा अर्थ एकच होता आणि तो आयुष्यभर चिकटत असे.

म्हणून आधी फाउंडेशन इयर म्हणजे नेमके काय, ते कागदावर मांडले. इंग्लंडमध्ये ए-लेव्हल ही तिसरी पातळी मानली जाते आणि पदवीची तीन वर्षे ही चौथी, पाचवी आणि सहावी पातळी. फाउंडेशन इयर त्या चौथ्या पातळीच्या अगोदरची पायरी आहे. पूर्णवेळ वर्ष साधारणपणे 120 श्रेयांकांचे असते आणि एका श्रेयांकामागे सुमारे दहा तासांचे अध्ययन धरले जाते, म्हणजे ते 1,200 तासांचे काम आहे. या वर्षात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राची ओळख, क्रीडाविज्ञानाची मूलतत्त्वे, थोडे संख्याशास्त्र आणि विद्यापीठीय लेखन असे विषय असतात. या वर्षाचे गुण सहसा पदवीच्या अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत, आणि शेवटी हाती येणारी बीएससी ऑनर्स पदवी ही थेट प्रवेश घेतलेल्याला मिळते तीच असते. फाउंडेशन डिग्री नावाची दोन वर्षांची अर्हता निराळी आहे. नावातील साम्यामुळे पालक फसतात, म्हणून विद्यापीठाचे पत्र नीट वाचावे.

पैशाची बाजू मी कधीच झाकत नाही. इंग्लंडमध्ये स्थायिक आणि पात्र असलेल्या विद्यार्थ्याला पदवीला जोडलेल्या फाउंडेशन इयरसाठीही सरकारी शैक्षणिक कर्ज मिळते. 2025-26 मध्ये पदवीच्या वर्षाची कमाल फी 9,535 पाउंड होती. ऑगस्ट 2023 नंतर शिक्षण सुरू करणाऱ्यांची परतफेड वार्षिक 25,000 पाउंडांच्या वरच्या उत्पन्नावर नऊ टक्के दराने होते आणि ती 40 वर्षांपर्यंत चालू राहू शकते. एक वर्ष वाढले की कर्ज वाढते, राहण्याखाण्याचा खर्च वाढतो, आणि कमाई एक वर्ष उशिरा सुरू होते. वर्ष फुकट नाही. पण जीवशास्त्राचा गंधही नसलेल्या विद्यार्थ्याने कशाबशा मिळवलेल्या थेट जागेवर पहिल्याच सत्रात स्नायू, नसा आणि सांध्यांच्या परीक्षेला सामोरे जाऊन मध्येच अभ्यास सोडला, तर त्याची किंमत कितीतरी अधिक असते.

वडिलांचा दुसरा प्रश्न, म्हणजे एवढे करून ती फिजिओ होणार का, हा माझ्या दृष्टीने खरा महत्त्वाचा होता, आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे "नाही" असेच होते. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती कोणालाही लावता येत नाही, आणि त्या नोंदणीसाठी कौन्सिलने मान्य केलेली फिजिओथेरपीचीच पदवी लागते. तिच्यात सुमारे 1,000 तासांचे प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे काम असते. पक्षाघाताचे रुग्ण, फुप्फुसांचे विकार, अतिदक्षता विभाग, वृद्धांची देखभाल हे सगळे त्यात येते. स्पोर्ट्स थेरपिस्ट या उपाधीला असे कायदेशीर संरक्षण नाही, त्यामुळे इथे व्यावसायिक संस्थेची मान्यता हाच खरा आधार असतो. सोसायटी ऑफ स्पोर्ट्स थेरपिस्ट्स ही एक संस्था, आणि बासरॅट या लघुनामाने ओळखली जाणारी स्पोर्ट रिहॅबिलिटेटर्सची ब्रिटिश संघटना ही दुसरी. सोसायटी किमान 200 तासांचे आणि बासरॅट किमान 400 तासांचे देखरेखीखालील काम अपेक्षित ठेवते. ज्या पदवीला यांपैकी कोणाचीही मान्यता नाही, ती घेऊन बाहेर पडलेल्याला सदस्यत्व, त्यामागून येणारा व्यवसायविमा आणि चांगल्या क्लबमधील नोकरी या तिन्ही ठिकाणी अडचण येऊ शकते.

हे ऐकून वडील म्हणाले, "मग फिजिओच का नको?" या प्रश्नाचे उत्तर मी द्यायचे नव्हते. मी मुलीकडे पाहिले.

ती उठली, सतरंजीची कड सरकवून तिने जागा केली आणि एका पायावर उभी राहून सावकाश अर्धे खाली बसली. आधी ज्या पायावर शस्त्रक्रिया झाली नव्हती त्यावर, मग दुसऱ्यावर. "बाबा, गुडघा बोटांच्या रेषेत राहतो का बघा," असे म्हणून तिने तिसऱ्यांदा मुद्दाम गुडघा आत झुकू दिला. धावत असताना अचानक दिशा बदलताना किंवा उडी मारून खाली येताना गुडघा असा आत कोसळला की एसीएलवर ताण कसा येतो, मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक का आढळते, आणि नितंबाचे स्नायू बळकट केले की फरक कसा पडतो, हे तिने सांगितले. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळात परतू नये असा सल्ला का दिला जातो, आणि केवळ महिने न मोजता दोन्ही पायांची ताकद व एका पायावर मारलेल्या उडीचे अंतर यांची तुलना का करतात, हेही तिने समजावले. दुखऱ्या पायाचे मोजमाप चांगल्या पायाच्या निदान 90 टक्क्यांपर्यंत आले पाहिजे, असे तिच्या थेरपिस्टने तिला सांगितले होते, आणि ती 84 वर अडकली होती तो महिना तिला अजून आठवत होता. हे सगळे ती मराठीतच बोलली, जिथे शब्द सापडला नाही तिथे स्वतःच्या मांडीवर बोट ठेवून.

मग वडिलांनी सहज विचारले की रविवारी बॅडमिंटन खेळून आल्यावर जिना उतरताना त्यांचा गुडघा का दुखतो. तिने दोन प्रश्न विचारले: दुखते ते पुढून की आतून, आणि सूज येते का? त्यांचे उत्तर ऐकून ती म्हणाली, "मला अंदाज आहे, पण मी सांगणार नाही. तुम्ही आपल्या जीपी डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा." त्या उत्तरानंतर माझे मत पक्के झाले. या व्यवसायात हात चालणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपले काम कुठे संपते हे ओळखणे महत्त्वाचे असते. घोटा मुरगळलेल्या खेळाडूला चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर पट्टी बांधायच्या आधी क्ष-किरण तपासणीला पाठवायचे असते. आजोबांच्या मनातील मालीश हा या शिक्षणाचा एक लहानसा भाग आहे. कुस्तीच्या तालमीत वस्तादांनी उतरलेले खांदे पिढ्यान्‌पिढ्या बसवले आहेत आणि त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण त्याच तालमीत एखाद्या पोराची मान दुखावली तर काय करायचे, हे ठरवायला निराळे शिक्षण लागते.

फिजिओथेरपी तिला का नको, हे तिने दुसऱ्या भेटीत स्वतःच सांगितले. तिला मैदानालगत काम करायचे होते. रुग्णालयातील वॉर्डाबद्दल तिला तिटकारा नव्हता, पण ओढही नव्हती. शिवाय दार कायमचे बंद होत नाही. स्पोर्ट्स थेरपी किंवा रिहॅबिलिटेशनची चांगल्या श्रेणीतील पदवी असलेल्यांना दोन वर्षांच्या, नोंदणीपूर्व एमएससी फिजिओथेरपीसाठी अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. त्या जागांसाठी स्पर्धा मोठी असते, त्यामुळे तो हमखास मार्ग आहे असे मी कोणालाही सांगत नाही.

उरला प्रश्न दोन विद्यापीठांतून निवड करण्याचा. वडिलांनी क्रमवारीचे तक्ते आणले होते. मी ते बाजूला ठेवायला सांगितले आणि मुलीला दोन्ही ठिकाणी स्वतः फोन करायला लावले. पदवीला कोणत्या संस्थेची मान्यता आहे आणि ती आजच्या तारखेला लागू आहे का, हे तिने विचारले. फाउंडेशन इयरमधून पुढे जाण्यासाठी नुसते उत्तीर्ण होणे पुरते की अधिक गुणांची अट आहे, हेही विचारले. या दुसऱ्या प्रश्नाकडे पालक सर्रास दुर्लक्ष करतात, आणि वर्षाअखेर 45 टक्के मिळवून मुलगा उत्तीर्ण होतो, पण त्याला हव्या त्या शाखेचे दार उघडत नाही. एका विद्यापीठाने सांगितले की त्यांच्या पदवीच्या मान्यतेची प्रक्रिया चालू आहे. त्यांचे फाउंडेशन इयरही अनेक विज्ञानशाखांना सामाईक होते आणि शरीररचना त्यात नावापुरती होती. दुसऱ्याच्या पदवीला मान्यता होती, शरीररचना पहिल्या सत्रापासून शिकवली जात होती, पण पुढे जाण्यासाठी 50 टक्क्यांची अट होती. तिने दुसरे निवडले. अट कडक आहे म्हणून आई धास्तावली होती. मला मात्र ती अट लेखी आणि आधीच कळली याचे समाधान वाटले.

इथे पुण्या-मुंबईहून, नाशिकहून हाच प्रश्न विचारणाऱ्या पालकांसाठी थोडे थांबते, कारण त्यांच्यासाठी माझे उत्तर वेगळे आहे. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे बरीच अधिक फी भरावी लागते, इथले सरकारी कर्ज मिळत नाही, आणि फाउंडेशन इयर हे पूर्ण खिशातून जाणारे वर्ष असते. मुलाला परत जाऊन भारतात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायचे असेल, तर स्पोर्ट्स थेरपीची पदवी त्यासाठी चालत नाही. 2021 च्या राष्ट्रीय अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखाली फिजिओथेरपी हा स्वतंत्र, नोंदणीचा व्यवसाय आहे. अशा मुलाने नीट ही प्रवेश परीक्षा देऊन महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीला प्रवेश घ्यावा आणि नंतर क्रीडा फिजिओथेरपीत पुढे शिकावे. घर गहाण ठेवून मुलाला या अभ्यासक्रमासाठी इकडे पाठवणाऱ्या पालकांना मी आजवर परावृत्तच केले आहे आणि पुढेही करीन.

तर ती मुलगी. फाउंडेशन इयरमध्ये शरीररचनेने तिला दमवले नाही, लेखनाने दमवले. गुडघ्याबद्दल तासभर बोलू शकणाऱ्या मुलीला संशोधनाचा आधार देऊन दोन हजार शब्दांचा निबंध लिहिणे जड गेले आणि पहिला निबंध काठावर सुटला. तिने विद्यापीठाच्या लेखन मार्गदर्शन कक्षात दर आठवड्याला जाणे सुरू केले. वर्षाअखेर ती अट ओलांडून पुढे गेली. आता ती पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि एका महिला फुटबॉल क्लबमध्ये देखरेखीखाली काम करते. मागच्या हंगामात डोक्याला डोके आपटलेल्या एका खेळाडूचे उत्तर अडखळते आहे, हे तिच्या लक्षात आले; तिने पर्यवेक्षकाला सांगितले आणि प्रशिक्षकाची नाराजी पत्करून त्या मुलीला बाहेर काढण्यात आले. ब्रिटनमधील तळागाळातील खेळांसाठी 2023 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मेंदूला धक्का बसल्याचा संशय असला तरी खेळाडूला लगेच थांबवायचे असते आणि किमान 21 दिवस स्पर्धेत उतरवायचे नसते. हे तिने मला फोनवर सांगितले तेव्हा ती त्या सूचनेबद्दल कमी आणि त्या खेळाडूबद्दल अधिक बोलत होती.

एमएससी फिजिओथेरपीचा विचार आता तिच्या मनात डोकावू लागला आहे, कारण क्लबमध्ये काम करणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे पगार आणि शनिवार-रविवारची धावपळ तिने जवळून पाहिली आहे. वडील पुन्हा वर्षे मोजू लागले आहेत. निर्णयाला अजून वेळ आहे. तोवर एखाद्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात काही दिवस निरीक्षणासाठी जाता यावे, यासाठीचे विनंतीपत्र आम्ही दोघींनी मिळून तयार केले आहे, आणि ते ती या आठवड्यात पाठवणार आहे.