त्यांचं नाव घरात काढावं की नाही?

"मॅडम, ह्यांचं नाव काढलं की सासूबाई रडतात, त्या रडल्या की मी. मुलगा तर उठून सरळ खेळायलाच जातो. म्हणून आम्ही विषयच काढत नाही. बरोबर आहे ना?"

गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका घरातल्या सुनेने हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा पावसाळ्यात अचानक हृदयविकाराने गेला. त्यानंतरचे पाच महिने फोटोला हार घालण्यापलीकडे घरात त्याच्याविषयी कुणी बोललं नव्हतं. असा शोक झालेल्या बहुतेक घरांतून मला हाच प्रश्न येतो.

मी म्हटलं, नाव काढा. न बोलल्याने रडू थांबत नाही, जो तो एकटा रडतो एवढंच. आणि मुलाला काही वाटत नाही असं समजू नका. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या जगण्याकडे. ही ये-जा व्हायलाच हवी. मुलांमध्ये ती फार भराभर होते. आत्ता डोळ्यांत पाणी, पुढच्या क्षणी हातात बॅट.

पण 'आता बोला' म्हणून सगळ्यांना समोरासमोर बसवलं तर तोंडून शब्द फुटत नाही. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. मी विचारलं, त्यांच्याबरोबर बाहेर काय करायचात? खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जायचो, म्हणाली. मग तेच करा, म्हटलं. कधी जायचं, हे ठरवताना दहा वर्षांचा मुलगा पटकन बोलला, "द्वादशीला. बाराचा पाऊण नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनला सुकती. बाबांनी शिकवलंय." (तिथीच्या आकड्याचा पाऊणपट ही भरतीची वेळ; सुकती म्हणजे ओहोटी.)

कित्येक दिवसांनी त्या घरात कुणी 'बाबा' म्हणालं होतं.

आजीचे गुडघे दुखतात, त्या घरीच थांबल्या. पण आणलेल्या तिसऱ्यांची एकशिपी (एकच शिंप ठेवून केलेला पदार्थ) करताना, लेकाला खोबरं किती लागायचं यावरून सुनेशी त्यांचं चांगलंच वाजलं. मग दोघी रडल्या, मग हसल्या. "वर्ष झालं नाही आणि आम्ही हसलो," सून मला घाबरत म्हणाली. त्या हसण्यात त्यांचा अपमान काहीच नाही, हे मी तिला ठामपणे सांगितलं. सण करू नका, पण हसू अडवू नका.

माणूस पाण्यातच गेला असेल, तर मात्र मी कुणालाही घाईने किनाऱ्यावर पाठवत नाही. तिथे आधी डोंगर, बाग, देवराई. समुद्र घरच्यांना जावंसं वाटेल तेव्हा. आणि सहा महिने उलटूनही दुःखाची धार तसूभर कमी झाली नसेल, रोजची कामं ठप्प असतील, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटायलाच हवं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.