कोडिंग न करता मायएसक्यूएलमधल्या तक्रारी ट्रेलोवर कशा आणायच्या?

प्रश्न असा आहे: ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये लिफ्ट देखभालीचं ऑफिस. तक्रारी एका जुन्या सॉफ्टवेअरमधून ऑफिसातल्याच विंडोज मशीनवरच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जमा होतात, दिवसाला तीस-चाळीस. घोडबंदर, ऐरोली, वाशी इथली दुरुस्ती करणारी मुलं कामं ट्रेलोवर, म्हणजे ऑनलाइन कार्ड-बोर्डावर, बघतात आणि मधे ऑपरेटर एकेक तक्रार हाताने कार्डावर उतरवतो. दोन प्रोग्रॅम कोडिंगशिवाय जोडणाऱ्या साधनांपैकी कुठलं घ्यावं: झेपियर, मेक की एनएटएन (n8n)?

तुमच्यासाठी एनएटएन, तेही ऑफिसच्याच नेटवर्कमध्ये बसवलेलं. मुद्दा पैशांचा नंतर, आधी जागेचा. झेपियर आणि मेक क्लाउडवर चालतात. त्यांना तुमच्या मायएसक्यूएलपर्यंत यायचं तर राउटरवर ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएलकडे जाणारं दार) बाहेरच्यांसाठी सहसा उघडावं लागतं. साध्या ब्रॉडबँडवर आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलत राहतो, बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतोच. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतला तरी उघड्या ३३०६ वर पासवर्ड ठोकून बघणारे बॉट लगेच येतात. एनएटएन आत असलं की डेटाबेसशी घरातल्या घरात बोलतं आणि ट्रेलोकडे स्वतः बाहेर जातं. राउटरला हात लावायची गरज नाही.

हिशेबही तिकडेच झुकतो. मेकच्या फुकट योजनेत महिन्याला १००० क्रेडिट, आणि 'नवीन काही आलंय का' एवढं विचारायलाही एक खर्च होतं. दर १५ मिनिटांनी विचारलं तर दिवसाला ९६, महिन्याला २८८०. म्हणजे एकही तक्रार न येता कोटा संपला. झेपियरमध्ये मायएसक्यूएल प्रीमियम ॲपमध्ये मोडतं, फुकट योजनेत मिळत नाही. एनएटएनची कम्युनिटी आवृत्ती स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या अंतर्गत कामासाठी फुकट वापरता येते.

बसवताना डॉकर (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरणार असाल तर तीन ठिकाणी हमखास अडकाल. पहिलं, डेटाबेसचा पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट' दिलात तर कंटेनर स्वतःमध्येच मायएसक्यूएल शोधतो आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, तिथे 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' (host.docker.internal) लागतं. त्यानंतर 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर पासवर्ड बदलत बसू नका. मायएसक्यूएलचा युझर फक्त लोकलहोस्टवरून यायला परवानगी देऊन बनवलेला असू शकतो, मग कंटेनर मायएसक्यूएलला बाहेरचा वाटतो. दुसरं, डेटासाठी व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची साठवणीची जागा) जोडला नाही तर कंटेनर काढल्याबरोबर सगळे वर्कफ्लो (आखून दिलेल्या कामांच्या साखळ्या) गेले. एन्क्रिप्शन की वेगळी जपून ठेवा, ती हरवली तर साठवलेले पासवर्ड परत वाचता येत नाहीत. तिसरं, डॉकर डेस्कटॉप विंडोजवर लॉगिन झाल्यावर सुरू होतं. वीज जाऊन आली, मशीन उठलं, पण लॉगिन स्क्रीनवरच थांबलं, तर रात्रभर एकही कार्ड बनणार नाही. ऑटो लॉगिन ठेवा, नाहीतर ही कामगिरी एखाद्या छोट्या लिनक्स मशीनला द्या.

आता खरा प्रश्न: कुठली तक्रार गेली आणि कुठली राहिली, हे लक्षात कोण ठेवणार? बहुतेक व्हिडिओंमध्ये 'शेवटचा आयडी लक्षात ठेवा, त्यापुढच्या ओळी उचला' असं सांगतात. त्यात एक छुपा खड्डा आहे. दोन ऑपरेटर एकाच वेळी तक्रार नोंदवत असतील तर ५०१ क्रमांकाच्या तक्रारीची नोंद ५०२ नंतर पूर्ण होऊ शकते. मधल्या क्षणी एनएटएनने ५०२ उचलली की ५०१ कायमची मागे पडली. कुठे चूक दिसत नाही, फक्त एक सोसायटी लिफ्टची वाट बघत राहते.

म्हणून ही आठवण डेटाबेसमध्येच ठेवा. 'पाठवणी' नावाचं वेगळं टेबल करा: तक्रार क्रमांक (युनिक), कार्ड आयडी, स्थिती, शेवटची चूक, वेळ. मूळ टेबलांना अजिबात हात लावू नका. एनएटएनसाठी वेगळा युझर बनवा, त्याला तक्रारींच्या टेबलवर फक्त वाचायची आणि पाठवणीवर वाचायची-लिहायची परवानगी. क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लेफ्ट जॉइनची, म्हणजे दोन टेबलं ताडून बघणारी: ज्या तक्रारीची पाठवणीत ओळ नाही, अशा जुन्यात जुन्या १० द्या. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून ही एक क्वेरी लिहून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. त्यात 'अमुक तारखेनंतरच्या' ही अट विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी दहा वर्षांच्या तक्रारी बोर्डावर येऊन पडायला लागतील.

वर्कफ्लोचा क्रम असा: शेड्यूल ट्रिगर दर २ मिनिटांनी, मायएसक्यूएल नोडमध्ये (नोड म्हणजे वर्कफ्लोची एक पायरी) ती क्वेरी, मग 'लूप ओव्हर आयटम्स' बॅच साइज १ ठेवून, म्हणजे एका वेळी एकच तक्रार, आत पाठवणीत 'चालू' अशी ओळ, मग ट्रेलो कार्ड, मग त्याच ओळीत कार्ड आयडी आणि 'गेली'. लूप हवाच. तो नसेल तर एनएटएन एक नोड सगळ्या ओळींसाठी संपवून मगच पुढच्या नोडवर जातं आणि सातव्या कार्डाला गडबड झाली की आधीच्या सहांचे आयडी नोंदवायचे राहून जातात. कार्डाच्या नोडवर चूक आली तर थांबू नये, एरर आउटपुटकडे जावं, असं सेटिंग करा आणि तिथून त्या ओळीत 'अडकली' लिहा. पाठवणीत ओळ टाकणाऱ्या नोडलाही तेच सेटिंग, फक्त तिथे चूक आली तर ती तक्रार सोडून लूप पुढे जाऊ द्या.

'चालू' आधी लिहायचं कारण दुहेरी आहे. नेट मंद असताना दोन फेऱ्या एकमेकींवर चढल्या तर युनिक अटीमुळे दुसरीला ती ओळ घालताच येत नाही, म्हणजे दोन कार्डं होत नाहीत. आणि कार्ड बनलं पण आयडी लिहायच्या आत वीज गेली, तर ती ओळ 'चालू'वर अडकलेली दिसते. दहा मिनिटांपेक्षा जुनी 'चालू' आपोआप परत पाठवू नका. ऑपरेटरला बोर्डावर तक्रार क्रमांक शोधू द्या. त्यासाठी क्रमांक कार्डाच्या शीर्षकात सुरुवातीलाच हवा.

वेळेचा घोळ जवळजवळ सगळ्यांना होतो. एनएटएनचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. एनएटएनचं सेटिंग आणि कंटेनरचा टाइमझोन, दोन्ही आशिया/कोलकाता करा. ट्रेलो मुदत यूटीसीमध्ये (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) साठवतं. संध्याकाळी ६ ची मुदत झोन न लावता पाठवली तर कार्डावर रात्रीचे ११:३० दिसतात, आणि नुसती तारीख पाठवली तर पहाटे ५:३०. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरीकडे शोधू नका.

मराठीत लिहिलेल्या तक्रारी कार्डावर '????' दिसल्या तर कनेक्शनचा किंवा टेबलचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१ आहे, त्यात देवनागरी बसत नाही. नवीन टेबल यूटीएफ८एमबी४ मध्येच करा. जुन्या टेबलातच प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर ती अक्षरं परत येत नाहीत.

कार्डावर सोसायटीचं नाव, विंग, लिफ्ट क्रमांक आणि तक्रार पुरे. सेक्रेटरीचा मोबाइल नंबर ट्रेलोवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विषय आहेच, शिवाय काम सोडून गेलेला मुलगा बोर्डावरून काढायचा राहतोच राहतो. एनएटएनला ट्रेलोत शिरायला लागणारी किल्ली, म्हणजे टोकनही ऑफिसच्या खात्याचं वापरा, ऑपरेटरच्या खात्याचं नको.

उलटा प्रवास, म्हणजे कार्ड 'झाले' यादीत गेलं की तक्रार आपोआप बंद, हा मोह पहिला महिना तरी टाळा. एनएटएनचा ट्रेलो ट्रिगर वेबहुकवर चालतो, म्हणजे ट्रेलो स्वतः येऊन कळवतं, त्याला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता लागतो. तुमच्याकडे दर ५ मिनिटांनी ती यादी वाचणं हाच सरळ मार्ग. पण सोसायटीला जाणारा एसएमएस तुमचं सॉफ्टवेअर 'बंद करा' बटण दाबल्यावर पाठवत असेल, तर टेबलात परस्पर स्थिती बदलून तो जाणार नाही. पाठवणीत 'काम झालं' एवढंच लिहा, बटण ऑपरेटरला दाबू द्या.

एक दुसरा छोटा वर्कफ्लो लावा, जो रोज सकाळी १० ला ऑफिसच्या मेलवर असा हिशेब पाठवेल: काल तक्रारी ३४, कार्डं ३४, अडकलेल्या ०. चूक झाली की कळवणारा एरर ट्रिगर वेगळा लावाच, पण मशीनच बंद असेल तर तोही गप्प असतो. दहाचा मेल साडेदहापर्यंत आला नाही की आधी ते मशीन चालू आहे का बघा.