आधी भोकं, मग आकार

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा आठ वर्षांचा, कब स्काउटमध्ये (लहान मुलांच्या स्काउट पथकात) आहे. त्यांच्या पाइनवुड डर्बीसाठी, म्हणजे छोट्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीसाठी, ठोकळा कापून, रंगवून झाला आणि मग ह्यांनी हातातल्या ड्रिलने एका बाजूने आरपार भोकं पाडली. गाडी दर वेळी डावीकडे ओढते, ट्रॅकच्या मधल्या पट्टीला घासते. मुलगा हिरमुसलाय. भोकं सरळ कशी पाडायची? ही गाडी सुधारेल का?

उत्तर : ताई, मुलाला सांगा, गाडी चुकलेली नाही, क्रम चुकलाय. मी पिंपरीत टूलरूममध्ये 31 वर्षं काढली आणि लेकीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा नातवाबरोबर अशीच एक गाडी केली. म्हणून मनापासून लिहितो.

इथल्या वाचकांसाठी थोडंसं : 1953 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी यांनी ही शर्यत सुरू केली. पाइनचा 7 इंची ठोकळा, चार चाकं आणि एक्सल म्हणून चार खिळे. वजन 5 औंसांच्या आत. इंजिन नाही, गाडी उतारावरून आपल्या वजनाने धावते. त्यामुळे चाक जिथे घासेल तिथे वेग गेलाच.

ठोकळा चौकोनी असतानाच भोकं पाडायची. आकार दिल्यावर टेकवायला सपाट बाजूच उरत नाही. ठोकळ्याची रुंदी साधारण 44 मिलिमीटर. एवढ्या अंतरात बिट (ड्रिलचं भोक पाडणारं पातं) एका अंशाने कललं, तर पलीकडे पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. हातातलं ड्रिल एका अंशाने कललंय हे माझ्याही डोळ्यांना कळत नाही. शिवाय पाइनच्या रेषा एक मऊ, एक कडक. बारीक बिट कडक रेषेवरून घसरून मऊ भागात शिरतं.

तेव्हा बेंच ड्रिल, म्हणजे टेबलासकट उभं बसवलेलं ड्रिल, मिळवा. शेजारीपाजारी कुणाच्या तरी गराजमध्ये असतंच. टेबल बिटाशी काटकोनात आहे का, हे गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. टेबलावर मागे एक सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि ठोकळ्याचा तळ कायम तिलाच टेकवा. आरपार जाऊ नका. एका बाजूने मध्यापर्यंत, मग ठोकळा उलटून दुसऱ्या बाजूने. तळ त्याच पट्टीला टेकलेला असला की दोन्हीकडची उंची आपोआप सारखी येते. बिट चकमधून (बिट पकडणाऱ्या जबड्यातून) जेमतेम गरजेपुरतंच बाहेर ठेवा, टोच्याने खूण खोल करा, दाबू नका, दोन-तीनदा बाहेर काढून भुसा झाडा. खिळा साधारण 2.2 मिलिमीटरचा असतो. आधी टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून तो घट्ट बसतो का बघा.

एक विचारून घ्या : काही पॅकच्या (कब स्काउटांच्या पथकांच्या) नियमांत ठोकळ्यावरच्या एक्सलसाठीच्या तयार खाचाच वापरायच्या असतात. तसं असेल तर ड्रिलला हातच लावू नका.

आताच्या गाडीचं म्हणाल, तर जुन्या भोकाला खेटून नवं पाडू नका, बिट जुन्यातच घसरेल. पाचर गोंदाने बसवून त्यातच पाडणंही मला पटत नाही. नियमात बसत असेल तर पाव इंच पुढे-मागे सरका. आकार देताना कापलेला तुकडा टाकला नसेल, तर तो जागच्या जागी चिकटपट्टीने लावा. ठोकळा पुन्हा चौकोनी होतो आणि क्लॅम्पमध्ये नीट बसतो. तुकडा टाकला असेल तर मात्र सरळ नवा ठोकळा आणा.

मशीन तुमच्या यजमानांनी चालवावं. आखणी मुलाची. तळावर गुण्याने आडवी रेघ, तीच दोन्ही बाजूंवर चढवायची. आमच्या नातवाने ती रेघ तीनदा पुसली. चौथ्यांदा दोन्ही बाजूंची टोकं जुळली, तेव्हा त्याने ठोकळा माझ्या चष्म्यासमोर धरला आणि म्हणाला, "आजोबा, आता पाडा."