पळत्या पोराचे फोटो काढताना

फोटो हलतोय त्याचा दोष पोराला देऊ नकोस, शटरचा वेग कमी पडतोय. रांगणाऱ्याला १/२५० सेकंद चालून जातं, पण पाय फुटलेल्याला १/५०० पेक्षा हळू शटर ठेवू नकोस. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० वर गेला तरी जाऊ दे. त्याने दाणेदार झालेला फोटो घरचे हौसेने भिंतीवर लावतात, हललेला कुणी लावत नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे पोरामागे सतत फिरणारा ठेव, डोळा पकडायची सोय असेल तर ती चालू कर.

सोलापुरात उजेडाला तोटा नाही, उलट तोच जास्त होतो. दुपारी अंगणात पोर डोळे बारीक करणार आणि भुवयांखाली काळं पडणार. त्यापेक्षा उघड्या दारापासून हातभर आत, सावलीत चादर अंथर. आपली सोलापुरी चादर नक्षीने भरलेली असते, म्हणून अंगात साधा एकरंगी झबला बरा. मग स्वतः पोटावर झोप, लेन्स पोराच्या डोळ्यांच्या उंचीला आण. उभ्याने काढलेत तर नुसतं टाळकं येतं.

‘इकडे बघ, इकडे बघ’ हा गलका आधी बंद. सगळ्या मावश्या एकदम ओरडल्या की पोर भलतीकडेच बघतं! एकट्या आईला तुझ्या खांद्यामागे बसव आणि पोराच्या हातात वाटी-चमचा दे. ते आपटण्यात रमलं की बर्स्ट सोड, म्हणजे धडाधड लागोपाठ फोटो.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, पोराला बापाच्या खांद्यावर बसवून काढ. तिथं ते पळू शकत नाही, आणि पाळण्यांचे दिवे मागे आयतेच मिळतात. संध्याकाळी मात्र लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडणारी, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी हवी.