लघवीच्या तपासणीत काहीच सापडत नाही, तरी माणूस नशेत वाटतो. असे होऊ शकते का?

आपण लिहिले आहे की, आपल्या भावाचे हेरॉइन सुटून आठ महिने झाले, लघवीची तपासणी दर वेळी निगेटिव्ह येते आणि तरीही काही संध्याकाळी तो ओळखू येणार नाही इतका बदललेला असतो. तर तो दुसरे काही घेत असेल का, की हा आपल्याच मनाचा खेळ आहे? मी व्यसनमुक्ती केंद्रात बरीच वर्षे समुपदेशक आहे. आपल्या भावाला मी पाहिलेले नाही, आणि दारू, झोपेच्या गोळ्या, इतकेच काय एखादे आजारपणही असेच दिसू शकते. पण केवळ रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणून शंका सोडून द्या, असे मी म्हणणार नाही.

तपासणीची नेहमीची पट्टी ठरावीक पदार्थच ओळखते: अफूवर्गीय पदार्थ, गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन आणि आणखी दोन-चार. ज्यांना नवे मनोप्रभावी पदार्थ म्हणतात, ते अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या 1961 आणि 1971 च्या आंतरराष्ट्रीय करारांच्या यादीबाहेर राहून बाजारात आलेले असतात, आणि त्यांतले बहुतेक या पट्टीला दिसतच नाहीत. ‘नवे’ हा शब्द थोडा फसवा आहे. मेफेड्रोन हे उत्तेजक द्रव्य प्रथम 1929 मध्ये तयार झाले होते आणि आज ज्यांची धास्ती आहे ती नायटाझीन, म्हणजे हेरॉइनसारखाच पण बहुधा त्याहून तीव्र परिणाम करणारी कृत्रिम द्रव्ये, 1950 च्या दशकात वेदनाशामकाच्या शोधात तयार झाली, पण औषध म्हणून कधीच बाजारात आली नाहीत. नवा आहे तो त्यांचा व्यापार. एका रेणूवर बंदी आली की त्यात किरकोळ बदल करून दुसरा आणला जातो, आणि तपासणी कायम एक पाऊल मागे राहते.

माझ्याकडे एक तरुण सलग पाच निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन आला होता. सहाव्या भेटीत बोलता बोलता त्याचे वाक्य मध्येच थांबले, डोळे उघडेच होते, बोटांतले पेन गळून पडले आणि मिनिटभराने त्याने विचारले, “काय म्हणत होतो मी?” तो कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजासारखी नशा देणारे प्रयोगशाळेत बनवलेले रसायन, ओढत होता. पुढे विश्वास बसल्यावर त्याने सांगितले, “सर, मजा नाही येत त्यात. गांजा बरा होता. पण गांजा रिपोर्टमध्ये येतो.” आधीपासून व्यसन असलेली माणसे या पदार्थांकडे वळतात ती बहुधा अशीच, नावीन्याच्या हौसेने नव्हे, नेहमीचा माल मिळत नाही, परवडत नाही किंवा तपासणीत पकडला जातो म्हणून. हंगेरीत 2010 च्या सुमारास हेरॉइनची टंचाई झाली, तेव्हा सुईने नशा करणारे अनेक जण कृत्रिम कॅथिनोनकडे, म्हणजे मेफेड्रोनच्या वर्गातल्या उत्तेजक पदार्थांकडे, वळले. त्यांचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे सुई दिवसातून कितीतरी अधिक वेळा टोचली जाते आणि रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका त्याच प्रमाणात वाढतो.

कृत्रिम कॅनाबिनॉइडला गांजाचा भाऊ समजू नये. गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक मेंदूतील ज्या ग्राहीला (पेशीवरील ज्या जागी तो जाऊन बसतो तिला) अर्धवटच चेतवतो, तिला यांतले बरेच पदार्थ पूर्ण चेतवतात. शिवाय ते वाळलेल्या पानांवर फवारलेले असतात आणि फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून एकाच पुडीतली एक सिगारेट काहीच करत नाही आणि दुसरी माणसाला आडवे पाडते. 2016 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अशाच एका पदार्थाने 33 जण एकाच दिवशी भान हरपल्यासारखे झाले होते.

आपल्या भावाच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. आठ महिन्यांत त्याच्या शरीराची सहनक्षमता उतरलेली असणार. अशा वेळी हेरॉइन समजून घेतलेल्या पुडीत नायटाझीन निघाले, तर पूर्वीची मात्राही श्वास थांबवू शकते. अफूवर्गीय पदार्थांचा अंमल उतरवणारे नॅलोक्सोन हे औषध त्यावर चालते, पण कधीकधी एकाहून अधिक मात्रा लागतात. त्याच पुडीत बेंझोडायझेपिन वर्गातले (झोप आणणाऱ्या, चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचा वर्ग) काही मिसळलेले असेल, तर त्या भागावर नॅलोक्सोनचा उपयोग होत नाही.

त्याचे खिसे तपासू नका. घरात पोलीस चौकी बसली की माणूस लपवण्यात आणखी पटाईत होतो. तो शुद्धीवर आणि शांत असताना, शक्यतो सकाळी, जे पाहिले तेवढेच सांगा: “परवा तू दोन वेळा मध्येच थांबलास, मला भीती वाटली.” उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीची) सोय असलेल्या प्रयोगशाळेतून तपासणी करता येईल का, हे विचारा, तीही त्याला सांगून. तो रोज काही घेत असल्याचे निघाले, तर एकदम बंद करायला भाग पाडू नका, कारण यांतल्या काही पदार्थांच्या टर्कीत, म्हणजे नशा एकदम बंद केल्यावर होणाऱ्या त्रासात, फिट येऊ शकते. तो निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावा. आणि कधी तो हाक मारून उठला नाही, ओठ निळसर दिसले किंवा श्वास घोरल्यासारखा अडखळत येऊ लागला, तर आधी रुग्णवाहिका बोलवा, नॅलोक्सोन हाताशी असेल तर द्या, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा आणि सापडलेली पुडी फेकून न देता डॉक्टरांच्या हाती द्या.