सामाईक धुऱ्यावर कुंपण घातलं तर अर्धा खर्च शेजाऱ्यानं द्यायचा का?

शेजाऱ्याच्या शेळ्या-म्हशी दरसाल हरभऱ्यात शिरतात, मधल्या धुऱ्यावर (बांधावर) तार ओढली तर अर्धा खर्च त्यांच्याकडून घेता येईल का, आणि पिकात सापडलेलं जनावर बांधून ठेवलं तर चालतं का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही गंगाखेड तालुक्यातले, गोदाकाठचे. याच कारणावरून आमचं आणि शेजारच्या घरचं बरीच वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जनावराचं. आपल्या गोठ्यात बांधून ठेवू नका. माझ्या वडिलांनी शेजारच्या काकांची म्हैस भुईमुगात धरली आणि रागानं रात्रभर आमच्या आखाड्यावर (शेतातल्या गोठ्याच्या जागी) बांधली. म्हैस दुभती होती. पिळली गेली नाही, सकाळी कास सुजलेली. भुईमूग आमचा गेला होता, पण गावात त्यानंतर चर्चा झाली ती म्हशीची. आमचं नुकसान कोणी विचारलंच नाही.

पिकात धरलेलं जनावर कोंडवाड्यात न्यायचं असतं. १८७१ च्या जुन्या कायद्यातही हेच आहे: नुकसान करणारं जनावर शेतकऱ्यानं धरावं आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं. गावात कोंडवाडा ग्रामपंचायत बघते. मालक दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून जनावर सोडवतो. तो दंड तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे पिकाचं काय झालं ते त्याच दिवशी चार जाणत्या माणसांना शेतात नेऊन दाखवा, लिहून सह्या घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोंडवाड्याच्या नुसत्या भिंती उरल्या असतील तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचा ग्रामसेवक) लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

आता खरी गोष्ट. माझ्या लहानपणी आमच्या शिवारात तारेचं कुंपण नव्हतंच. मिरगाच्या आधी बोरी-बाभळीच्या काट्या लावायच्या. उगवतीकडचा अर्धा धुरा काकांचा, मावळतीकडचा अर्धा आमचा. ज्याच्या भागातून जनावर शिरलं त्यानं काट्या नीट लावायच्या, मग जनावर कोणाचंही असो. पेरणीपासून रब्बीची खळी उरकेपर्यंत जनावर राखून चारायचं, आणि ज्वारी, करडई, हरभरा निघाला की सगळं रान मोकळं. मग कोणाचीही गुरं कोणाच्याही शेतात फिरायची. धनगरांच्या मेंढ्या तर आपण होऊन बोलावून बसवायच्या, लेंडीखतासाठी, वर धान्य द्यायचं.

ही वहिवाट टिकली कारण सगळ्यांची रानं एकदम रिकामी व्हायची. पुढे आम्ही बोअर घेतला आणि उन्हाळी भुईमूग लावला. आजूबाजूला सगळं करपलेलं आणि मधोमध आमचाच हिरवा तुकडा. काकांनी त्यांच्या बापजाद्यांसारखीच चैतात गुरं सोडली होती. नियम आम्ही मोडला होता, आणि मोडताना त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. हे वडिलांना पटायला फार वर्षं लागली.

म्हणून तारेचा भाव काढण्याआधी शेजाऱ्यापाशी बसा. त्यांची जनावरं कधी मोकळी सुटतात, राखायला कोण असतं, तुमचं कोणतं रान कोणत्या महिन्यापर्यंत उभं राहणार, हे बोला. गावातल्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असेल तर ग्रामसभेत मांडून, गुरं मोकळी सोडायची तारीख ठरवून ठराव लिहून घ्या. आमच्याकडे बागायत वाढल्यापासून हे फार गरजेचं झालंय.

खर्चाचं विचाराल तर अर्धे पैसे सक्तीनं वसूल करू या भरवशावर काम काढू नका. ते संमतीनंच मिळतात. आणि डांब (कुंपणाचे खांब) रोवण्याआधी मोजणी करा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते आणि सगळ्यांसमोर खुणा दाखवतात. नांगर लागून लागून धुरा कुठल्या कुठे सरकलेला असतो, त्यामुळे डोळ्याला दिसतो तोच हद्दीचा धुरा असं धरून चालू नका.

धुऱ्यावरून मागच्या शेताची वाट असेल तर ती मोकळी ठेवा. जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १४३ खाली हद्दीवरून रस्त्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. चालू वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. तुमच्या तारेमुळे कोणाची बैलगाडी अडली तर हाच दावा तुमच्यावर येईल.

पैसे कमी असतील तर रब्बीत हरभऱ्याच्या कडेनं करडईच्या चार-सहा ओळी टाका. आपल्याकडची जुनी रीत आहे, परभणी कुसुमसारखं काटेरी वाण घ्या. फक्त काटे कडक व्हायला वेळ लागतो. कोवळी करडई जनावर खातं, तोवर राखण करावीच लागते. शेळ्यांना नुसती काटेरी तार पुरत नाही, त्या खालून शिरतात. खालचा दोन-अडीच फूट भाग जाळीचा किंवा काट्यांनी भरलेला हवा.

लाईनवरचा करंट तारेत सोडायचा विचार मनातही आणू नका. रात्री पाणी द्यायला गेलेली माणसं अशा तारेला चिकटून मेलीत. तो गुन्हा आहे, आणि बऱ्याचदा मरणारा आपल्याच घरातला असतो.

आमच्या धुऱ्यावर आता जाळी आहे. मोजणी करून घातली, डांब आमचे, जाळी काकांच्या मुलाची. मधे दहा फुटांचं फाटक ठेवलंय. कागदावर दोघांच्या सह्या आहेत: डांब पडला तर आम्ही बसवायचा, जाळी तुटली तर त्यांनी ओढायची, उन्हाळी पीक घ्यायचं असेल तर पाडव्याच्या आत एकमेकांना सांगायचं.