व्याख्यानात ऐकलेल्या विचाराचा संदर्भ कसा द्यावा?

प्रबंध पूर्ण होत आला की अनेक विद्यार्थी एकच भीती घेऊन माझ्याकडे येतात : पुस्तकांचे संदर्भ दिले, पण व्याख्यानात ऐकलेल्या गोष्टींचे काय करायचे, आणि उद्या कुणी वाङ्मयचौर्याचा आरोप केला तर? त्यांपैकी एका विद्यार्थिनीशी झालेले बोलणे, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

तिच्या एका प्रकरणाचा गाभा वर्गातल्या व्याख्यानातून आला होता. परिच्छेदाच्या शेवटी ती कंस उघडायची, प्राध्यापकांचे आडनाव लिहायची आणि पृष्ठक्रमांक कुठून आणायचा, या विचाराने सगळे खोडून टाकायची. त्यापायी तिची झोप उडाली होती.

"मॅडम, नाव दिले आणि शेवटच्या संदर्भसूचीत नोंद नसली तर ती चूक, नाव नाही दिले तर चोरी."

"चुकलेला संदर्भ दुरुस्त करता येतो. तो परीक्षकांना दिसतो, म्हणजे तुम्ही काही लपवलेले नसते. मग दोन्हींची धास्ती सारखीच का?"

ती गप्प राहिली. 'माझ्याकडून तसूभरही चूक होता कामा नये' हा स्वतःवरचा हट्टच माणसाला छळतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत मी शिकले आणि आजही त्याच वाटेने काम करते.

पुढच्या भेटीत तिने व्याख्यानाची वही आणली. कोपऱ्यात तारीख होती, एका वाक्याखाली दोनदा रेघ ओढलेली होती.

"ही वही तुमच्या वाचकाला मिळेल?"

"नाही."

"मग सूचीतली नोंद वाचून त्याने जायचे कुठे?"

ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे नाव द्यायचे ते सरांचे श्रेय म्हणून, आणि सूची असते ती वाचकाला मूळ साधन सापडावे म्हणून!"

हे मी सांगितले असते, तर तिने ते निमूटपणे टिपून घेतले असते. स्वतः उमगल्यामुळे तिची भीती तिथेच ओसरली. श्रेय देणे आणि वाट दाखवणे ही दोन कर्तव्ये एकमेकांत गुंतली की विद्यार्थी अडकतो, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

संदर्भ देण्याच्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीचे नियम याच भेदावर उभे आहेत. ध्वनिमुद्रण किंवा स्लाइड्स उपलब्ध नसलेले व्याख्यान 'वैयक्तिक संवाद' मानले जाते. वक्त्याची आद्याक्षरे, आडनाव आणि शक्य तितकी नेमकी तारीख मजकुरातच द्यायची, सूचीत नोंद करायची नाही. वाचकाला उघडता येतील अशा स्लाइड्स असतील, तर मात्र त्यांची सूचीत रीतसर नोंद होते. परिषदेतील सादरीकरणासाठी वक्ता, परिषदेच्या तारखा, शीर्षक, सादरीकरणाचा प्रकार, परिषदेचे नाव आणि स्थळ द्यावे लागते. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) या दुसऱ्या पद्धतीत प्रत्यक्ष ऐकलेले व्याख्यानही सूचीत जाते. म्हणून आपल्या विभागाने कोणती पद्धत ठरवली आहे, हे आधी विचारून घ्यावे.

व्याख्यात्याने दुसऱ्या कुणाचे संशोधन सांगितले असेल, तर ते मूळ संशोधन शोधून, वाचून त्याचाच संदर्भ द्यावा. विचार व्याख्यात्याचा स्वतःचा असेल, तर त्यांना आपला परिच्छेद पाठवून आपण नीट ऐकले ना, हे जरूर विचारावे. तो विचार त्यांनी कुठे छापला असल्यास तेच सांगतील, आणि मग पृष्ठक्रमांकासह संदर्भ देता येईल.